ताटातला दोष

खुर्चीनं विचारलं, "एखादं ऑपरेशन झालंय का?"

"पित्ताशयाचं," विलास काशीद म्हणाले. "खडे होते."

प्रश्न त्यांना नव्हता. आरोग्य तपासणीच्या त्या बोलत्या खुर्चीत त्यांची बायको शैलजा बसली होती, दंडावरची बाही वर सरकवून. विलासराव शेजारी उभे होते. कऱ्हाडच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये त्यांच्या मागं रांग होती आणि रांगेतले सगळे ओळखीचे होते. संघातल्या बऱ्याच जणांना कमी ऐकू यायचं, म्हणून अध्यक्ष थोरात सरांनी खुर्चीचा आवाज मोठा ठेवायला लावला होता. ती विचारायची ते दारापर्यंत ऐकू जायचं.

"हॉर्मोनचं एखादं औषध चालू आहे का? गोळी, इंजेक्शन, काहीही."

शैलजानं तोंड उघडलं.

"नाही," विलासराव म्हणाले.

खुर्ची जराशी थांबली. तिला आवाजातला फरक कळत होता. "हे उत्तर शैलजाबाईंचं आहे असं समजू का?"

शैलजानं नवऱ्याकडं पाहिलं. मग रांगेत पुढंच उभ्या असलेल्या मंगल यादवकडं पाहिलं. मंगल म्हणजे तिची भिशीतली, भजनातली, भांडणातलीही मैत्रीण.

"समजा," ती म्हणाली.

दंडात टुचकन काही टोचलं आणि तीळ आत गेला.

तीळ म्हणजे खरोखरच तिळाएवढा दाणा. कातडीखाली जो ओलावा असतो त्यात रक्तातलं सगळं थोडं थोडं उतरत असतं. तीळ त्यातली चरबी मोजायचा आणि आकडा घरातल्या भिंतीवर लावलेल्या पट्टीकडं धाडायचा. पट्टीवर दिवा होता. आकडा ठीक असला की हिरवा, वाढला की पिवळा, फार वाढला की लाल.

नुसतं मोजणारी यंत्रं पूर्वीही होती. हे यंत्र कारण सांगायचं. माणसाचं वय, वजन, चालणं, झोप, घराण्यातले आजार, चालू औषधं हे सगळं खुर्चीनं विचारून घेतलेलं असायचं. कोलेस्टेरॉल वाढलं की ती एकेक कारण वजा करत जायची. वयामुळं इतकं, बसून राहिल्यामुळं इतकं, औषधामुळं इतकं. सगळं वजा करून जे उरेल ते जेवणातून आलं असणार. मग पट्टी बोलायची, "ताटात दोष आहे."

विलासरावांना हे यंत्र पहिल्या दिवसापासून आवडलं. ते एस.टी.च्या डेपोत हेड मेकॅनिक होते. सगळी नोकरी काट्यांवर नजर ठेवण्यात गेली. मीटर खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, असं ते म्हणायचे. हाताखालच्या पोरांना ते आणखी एक गोष्ट शिकवायचे. इंजिन तापल्याचा काटा वर गेला तर आधी ड्रायव्हरच्या अंगावर धावून जायचं नाही. आधी थर्मोस्टॅट बघायचा, पाणी बघायचं, पंखा बघायचा. ड्रायव्हर सगळ्यात शेवटी.

हे दुसरं त्यांना घरात आठवलं नाही.

शैलजाचं ऑपरेशन पित्ताशयाचं नव्हतं. डाव्या स्तनात गाठ निघाली होती. कॅन्सर होता, वेळेत सापडला. ऑपरेशन झालं, किरण दिले आणि पुढं काही वर्षं घ्यायची म्हणून हॉर्मोनची गोळी सुरू झाली. त्याच वर्षी ऋतुजाला, त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, बघायला येत होते. मुलीच्या आईला हे आहे म्हटलं की पाहुणे दारातनं परत जातील, असं विलासरावांच्या मनानं घेतलं. त्यांनी खडे ठरवले. नातेवाइकांत, गल्लीत, संघात, सगळीकडं खडेच सांगितले. पुढं ऋतुजाचं लग्न झालं, ती नाशिकला गेली. खडे राहिले.

खरं म्हणजे लग्नाचं तेवढंच नव्हतं. तो शब्दच त्यांच्या तोंडातून निघायचा नाही. डॉक्टरांसमोर सुद्धा ते 'ते' म्हणायचे. 'ते ऑपरेशन', 'त्या जागेला दुखतंय म्हणते'. शैलजा त्यावर एकदा म्हणाली होती, "अहो, माझं दुखतंय. तुम्ही का लाजताय?"

खड्यांचा एक परिणाम मात्र झाला. लोक समजले, बाईला तेलातुपाचं फार होतं म्हणून खडे झाले.

पहिलं वर्ष पट्टीवर दोघांचे दिवे हिरवे होते. सोमवारच्या बैठकीत हॉलच्या पडद्यावर सगळ्या जोड्यांचे रंग दिसायचे. आकडे नाहीत, फक्त रंग. काशीद जोडी हिरवी. विलासरावांना वाटलं हे आपल्या पहाऱ्याचं फळ. तळण त्यांनी आठवड्यातून एकदाच ठेवलं होतं. तुपाची बरणी वरच्या फळीवर गेली होती.

मग कॅन्सरच्या डॉक्टरांनी, बागवान मॅडमनी, गोळी बदलली. ठरल्याप्रमाणंच बदलली. काही वर्षं एक गोळी, नंतर दुसरी. उठता उठता त्या म्हणाल्या, "या गोळीनं कोलेस्टेरॉल थोडं वाढू शकतं बरं का. लक्ष ठेवा, आणि वाढलं तर मला कळवा."

"लक्ष आहे मॅडम," विलासराव म्हणाले. "घरी तीळ बसवलाय."

लक्ष ठेवा, एवढंच त्यांनी बरोबर आणलं. मला कळवा, हे दवाखान्यातच राहिलं.

दोन महिन्यांत शैलजाचा दिवा पिवळा झाला. सकाळी चहा टाकताना पट्टी म्हणाली, "शैलजाबाईंच्या ताटात दोष आहे. स्निग्ध पदार्थ कमी करावेत."

"काय खाल्लंस?" विलासरावांनी विचारलं.

"तुम्ही खाल्लं तेच."

"माझा हिरवा आहे."

"मग मी काय करू? माझा पिवळा आहे."

त्यांनी शेंगदाण्याचा कूट बंद केला. नारळ बंद केला. अंड्याचा बलक ते स्वतः काढून बाजूला ठेवायला लागले. दिवा पिवळाच राहिला आणि मग लाल झाला. पट्टी आता दिवसातून दोनदा बोलायची.

"ती गोळी बदललीय ना, त्यानं असेल," शैलजा म्हणाली. ती मेथी निवडत बसली होती. "मॅडम म्हणाल्या होत्या."

"थोडं वाढेल म्हणाल्या होत्या. हे थोडं आहे? आणि यंत्र काय म्हणतंय? ताट."

"यंत्राला गोळी माहीतच नाही."

विलासरावांनी पट्टीकडं पाहिलं.

"सांगा ना मग त्या खुर्चीला," शैलजा म्हणाली. "जाऊन सांगा, गोळी चालू आहे म्हणून. ती वजा करंल आणि गप्प बसंल."

"तिथं? सगळ्यांसमोर?"

दुरुस्ती खुर्चीत बसूनच करावी लागायची. कुणी दुसऱ्याच्या फोनवरून काही बदलू नये म्हणून तसा नियम होता. नवराबायको एकमेकांची करू शकत, पण खुर्चीतच आणि त्याच मोठ्या आवाजात. खुर्ची विचारणार, कोणतं औषध. मग विचारणार, कशासाठी. रांगेत थोरात सर असणार, मंगल असणार.

"मग मी जाते," शैलजा म्हणाली.

"तू काय जातेस? चार लोकांत काय सांगणार, माझं हे कापलंय म्हणून? आणि इतकी वर्षं आपण खडे सांगतोय त्याचं काय? खोटारडे ठरू आपण."

"आपण?" शैलजा म्हणाली. मेथीची काडी तिनं मोडून टाकली.

ती गेली नाही. तिनं जावं असं विलासरावांना वाटत नव्हतं आणि तिला ते ठाऊक होतं. एवढ्यावर त्या घरात बऱ्याच गोष्टी ठरायच्या.

पण लाल दिवा होताच. आणि माणसाचं मन असं की जे कारण सांगायची लाज वाटते ते हळूहळू कारणच वाटेनासं होतं. थोड्या दिवसांनी विलासरावांच्या हिशेबातून गोळी गेलीच. आता त्यांना पक्कं वाटायला लागलं की ही चोरून खाते. मंगलकडं भजनाला जाते तिथं खात असणार. ते डब्यांची झाकणं उघडून बघायला लागले आणि चारचौघांतही तसं बोलून दाखवायला लागले.

एकदा ती भजनाहून आली. पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. विलासरावांनी तिचा उजवा हात धरला, बोटं नाकाजवळ नेली आणि हुंगली. इंजिनातलं तेल मोजायची डिपस्टिक बाहेर काढून मेकॅनिक ती हुंगतो, तशी.

बोटांना उदबत्तीचा वास होता.

शैलजानं हात सोडवून घेतला नाही. त्यांनी सोडेपर्यंत तसाच राहू दिला. मग म्हणाली, "झालं? का डावा पण देऊ?"

ते हसले. चेष्टा केल्यासारखं करून त्यांनी वेळ निभावून नेली.

ऋतुजाला मुलगी झाली. बारसं कऱ्हाडलाच होतं. नाशिकहून व्याही-विहीण आले होते, गल्लीतल्या बायका होत्या, मंगल तर सकाळपासून स्वयंपाकघरात होती. पुरणपोळीचं जेवण होतं. वाढपी मुलीनं शैलजाच्या ताटात तुपाची वाटी ठेवली. शैलजानं पोळीचा पहिला घास मोडला.

विलासराव पंगतीत फिरत होते. ते वाकले आणि त्यांनी तिच्या ताटातली वाटी उचलली.

"हिला लाल आहे," ते विहीणबाईंना म्हणाले. "सांगून ऐकत नाही. लहान मुलासारखं ताटाशी उभं राहावं लागतं."

विहीणबाई काही बोलल्या नाहीत, खाली बघायला लागल्या. मंगलला मात्र राहवलं नाही. "काय वो भावजी, नातीच्या बारशाला तरी सोडा. आमची शैला चोरून खाते म्हणता, मग आज समोर खाऊ द्या की."

बायका हसल्या. शैलजाही हसली. कोरडी पोळी तिनं सगळी संपवली. पानात काही टाकलं नाही.

पुढच्या काही आठवड्यांत दिवा लालचा पिवळा झाला. नंतर हिरवा. पट्टी म्हणाली, "अभिनंदन. ताट सुधारलं आहे."

विलासरावांना झालेला आनंद खरा होता. त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "बघ. मनावर घेतलं की होतं."

"होतं खरं," शैलजा म्हणाली.

बागवान मॅडमकडं तपासणी झाली तेव्हा दिवा हिरवाच होता, त्यामुळं कोलेस्टेरॉलचा विषय निघालाच नाही. मॅडमनी विचारलं, "गोळी नियमित?"

"अगदी नियमित," विलासराव म्हणाले. पाकिटं तेच आणत होते आणि पाकिटं रिकामी होत होती.

लालमधून हिरव्यात आलेली संघातली पहिली जोडी म्हणून थोरात सरांनी त्यांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ. विलासरावांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते म्हणाले, "मीटर खोटं बोलत नाही. घरातल्या माणसावर माया करा, पण ताटावर नजर ठेवा." टाळ्या पडल्या. शैलजा पहिल्या रांगेत बसली होती. तिलाही शाल मिळाली. घरी येऊन तिनं ती घडी करून कपाटात ठेवली आणि कधी काढली नाही.

पाठ दुखायला लागली तेव्हा सगळ्यांनी वयाचं म्हटलं. विलासरावांनी मलम चोळलं, गरम पाण्याची पिशवी दिली. दुखणं वाढत गेलं. मग ऋतुजा नाशिकहून आली आणि आईला बागवान मॅडमकडं घेऊन गेली. विलासराव बरोबर होते. स्कॅन झाला.

मॅडमनी पडदा आपल्याकडं वळवून घेतला, बराच वेळ पाहिला आणि मग खुर्ची ओढून शैलजाच्या जवळ बसल्या. आजार मणक्यात उतरला होता.

"काकू, एक विचारते. गोळी चालू होती?"

"अगदी निय..." विलासराव म्हणाले.

"काका, काकूंना विचारलंय मी."

"नव्हती," शैलजा म्हणाली. "नातीच्या बारशाच्या दुसऱ्या दिवसापासून सोडली. रोज एक काढायची आणि मोरीत टाकायची."

"का?"

"दिवा हिरवा व्हावा म्हणून."

मॅडमना कळलं नाही. ऋतुजानं सांगितलं, तीळ, पट्टी, खुर्ची. मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढून हातात धरला.

"काकू, पहिली गोळी होती ना, ती स्तनात हॉर्मोनला आत येऊ देत नव्हती. पण यकृतात तीच गोळी हॉर्मोनसारखं काम करायची. म्हणून तुमचं कोलेस्टेरॉल कमी होतं. तो त्या गोळीचा वरचा फायदा. दुसरी गोळी वेगळी. पाळी गेल्यावरही बाईच्या अंगातल्या चरबीत थोडं हॉर्मोन बनतच असतं. ही गोळी ते बनूच देत नाही. गाठ उपाशी राहते, ते आपल्याला हवंच असतं. पण यकृतावर रक्तातली चरबी ओढून घेणारी छोटी दारं असतात, त्यातली काही दारं या हॉर्मोनच्या जोरावर उघडी असतात. जुन्या गोळीचा आधार गेला, अंगातलं हॉर्मोन गेलं, दारं कमी झाली आणि कोलेस्टेरॉल वाढलं. सगळ्यांचं सारखं वाढत नाही, तुमचं वाढलं. त्यात तुम्ही काय खाल्लं याचा फारसा संबंध नव्हता."

"मला वाटलंच होतं," शैलजा म्हणाली.

"त्याला साधा उपाय होता. कोलेस्टेरॉलची रात्रीची एक गोळी दिली असती. मला एक फोन करायचा होता, काकू."

शैलजानं नवऱ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर विलासरावांना बरं वाटलं असतं.

त्यांना डेपोतला खड्डा आठवला. वर बस उभी, खाली खड्ड्यात हातात बॅटरी धरलेली पोरं आणि ते स्वतः सांगतायत, आधी थर्मोस्टॅट बघा रे, ड्रायव्हर शेवटी. कित्येक ड्रायव्हरांची नोकरी त्यांनी अशी वाचवली होती.

"मॅडम," ते म्हणाले, "गोळी चालू असती तर?"

"तर कदाचित झालं नसतं. कदाचित तरीही झालं असतं. कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. गोळीनं धोका कमी होतो, संपत नाही." मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "पण कमी होतो."

बाहेर आल्यावर ऋतुजानं आईला गाडीत बसवलं आणि दार लावून वडिलांकडं आली.

"बाबा, तुम्ही कुणापासून लपवत होता?"

"तुझ्या सासरी कळलं असतं तर..."

"मी त्याला लग्नाआधी, पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. सासूबाईंनाही माहीत होतं. बारशाला त्या का गप्प बसल्या, तुम्हाला काय वाटलं?"

विलासरावांच्या डोळ्यांसमोर ती वाटी आली, हातात धरलेली, आणि खाली बघणाऱ्या विहीणबाई. आपली बायको कशातून उठलीय हे तिथं विहीणबाईंना माहीत होतं. ताटातली वाटी उचलताना माहीत असलेल्यांत फक्त आपणच ते विसरलो होतो.

औषधं पुन्हा सुरू झाली, नवी, जास्त ताकदीची. शैलजा आता दिवसाचा बराच वेळ पडून असायची. विलासरावांनी पट्टीचा आवाज बंद करून टाकला. वरच्या फळीवरची तुपाची बरणी खाली आणली. एका सकाळी बाजारातून गरम जिलबी आणली आणि बशीत घालून तिच्यापुढं धरली.

"आता खा म्हणताय होय?" शैलजा म्हणाली. तिनं एक वेढा तोडला, तोंडात धरला, पण गिळवेना. बशीत परत ठेवला. "राहू द्या. तोंडाला चवच नाही. तुम्ही खा, तुमचा हिरवा आहे."

ते खाली बसले, पलंगाच्या कडेला टेकून. त्यांना बरंच बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते असं, "शैला, मी फार वाईट वागलो."

"वागलात," ती म्हणाली.

मग म्हणाली, "मला एक करून द्या. त्या खुर्चीत जाऊन बसा आणि तिला खरं सांगा. जिथं नाही म्हणालात तिथंच. कॅन्सरचं लोकांना कळू दे नाहीतर न कळू दे, मला त्याचं काही नाही. पण मी चोरून खात नव्हते, हे कळू दे. मंगल अजून चेष्टा करते. बरी झालीस की डबा आणते, लपवून खा म्हणते. ती प्रेमानंच म्हणते. पण मला जाताना हे बरोबर नको."

"सोमवारी जातो," विलासराव म्हणाले.

सोमवारी ते गेले. हॉलच्या पायऱ्या चढले. आत सतरंजीवर सगळे बसले होते, खुर्चीपुढं दोघं-तिघं उभे होते. थोरात सरांनी लांबून हात केला. "या, या, आदर्श जोडी." विलासरावांनी शैलजाची तब्येत ठीक नाही एवढं सांगितलं आणि परत आले. घरी सांगितलं, गर्दी होती.

पुढच्या सोमवारी औषध आणायचं निघालं. त्याच्या पुढच्या सोमवारी ते नदीपर्यंत गेले, घाटावर बसले आणि तिथूनच मागं फिरले. शैलजा विचारायची नाही. एकदाच तिनं कुशीवर वळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं आणि म्हणाली, "आज सोमवार ना?"

"होय."

"बरं," ती म्हणाली.

थंडी सुरू झाली आणि ती गेली.

संघानं शोकसभा ठेवली, नेहमीच्या सोमवारीच. टेबलावर शैलजाचा फोटो, हार. ऋतुजा आणि जावई पुढं बसले होते. विलासराव त्यांच्या शेजारी. त्यांच्या शर्टच्या खिशात शैलजाचा फोन होता. तो बंद करायचा राहिला होता, म्हणजे त्यांना करवला नव्हता. रोज तेच चार्ज करायचे.

थोरात सर बोलायला उभे राहिले. मनानं चांगला माणूस. "शैलजावहिनी हसतमुख," ते म्हणाले. "खाण्याची आणि खिलवण्याची आवड. त्यापायी थोडा त्रासही झाला, खड्यांचं ऑपरेशन झालं, मध्ये लाल दिवाही लागला. पण आमच्या काशीदांनी त्यांना प्रेमानं वळण लावलं आणि वहिनींनीही ते मानलं. असा शिस्तीचा संसार..."

पुढं बसलेल्या ऋतुजानं मान खाली घातली. बारशाला तिच्या सासूनं घातली होती तशीच.

विलासराव उठले. थोरात सरांना वाटलं, त्यांना बोलायचंय. त्यांनी माईक पुढं केला. विलासराव त्यांच्या बाजूनं गेले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले.

"नमस्कार विलासराव," खुर्ची म्हणाली. आवाज मोठाच होता. "आपला दिवा हिरवा आहे. काय मदत करू?"

"माझं नाही. शैलजाची दुरुस्ती करायची आहे."

"शैलजाबाईंच्या तिळाकडून काही दिवस नोंद आलेली नाही. तीळ सैल झाला असेल. तपासणीसाठी त्यांना पाठवावं."



"दुरुस्ती सांगतो," विलासराव म्हणाले. "तू विचारलं होतंस, हॉर्मोनची गोळी चालू आहे का. मी नाही म्हणालो. चालू होती."

"औषध कशासाठी?"

त्यांचे हात मांड्यांवर होते. त्यांनी ते मांड्यांवरच दाबले.

"स्तनाचा कॅन्सर होता," ते म्हणाले. आवाज फुटला, म्हणून परत म्हणाले. "माझ्या बायकोला स्तनाचा कॅन्सर होता. खडे नव्हते. खडे मी सांगितले."

"औषधाचं नाव?"

त्यांनी दोन्ही नावं सांगितली. पाकिटं आणून आणून ती पाठ होती. गोळी कधी बदलली ते सांगितलं. मग खुर्ची म्हणाली, "अजून काही?"

"दुसरी गोळी तिनं बंद केली. नातीच्या बारशाच्या दुसऱ्या दिवशी. मी तिच्या ताटातली तुपाची वाटी उचलली, तुम्ही सगळे होता तेव्हा. त्याच्या दुसऱ्या दिवशी." ते आता खुर्चीशी बोलत नव्हते. "दिवा हिरवा झाला तो माझ्या शिस्तीनं नाही. गोळी सोडल्यानं झाला. ती शाल मला त्याबद्दल मिळाली."

खुर्ची हिशेब करत होती. मागचा एकेक दिवस घेऊन ती पुन्हा वजाबाकी करत होती. औषधामुळं इतकं, वयामुळं इतकं. या वेळी शेवटी काही उरत नव्हतं.

"दुरुस्ती झाली," ती म्हणाली. "पूर्वी दिलेल्या ताटाच्या सर्व सूचना रद्द केल्या आहेत. वाढ औषधामुळं होती. शैलजाबाईंच्या ताटात दोष नव्हता. चुकीच्या सूचनांबद्दल क्षमस्व. ही माहिती शैलजाबाईंना कळवू का?"

शैलजा गेली हे खुर्चीला कुणी सांगितलंच नव्हतं.

ऋतुजा उठून उभी राहिली. थोरात सर माईक धरून तसेच थांबले होते. विलासरावांनी फोटोकडं पाहिलं नाही.

"कळव," ते म्हणाले.

त्यांच्या शर्टच्या खिशात फोन थरथरला. त्यांनी तो काढला, पण चष्मा असूनही त्यांना अक्षरं दिसेनात. ते खुर्चीतून उठले आणि बायकांच्या बाजूला गेले. मंगल यादव तिथं पदर तोंडावर दाबून बसली होती. त्यांनी फोन तिच्यापुढं धरला.

"मंगलताई, वाचा."

मंगलनं पदर खाली घेतला. फोन लांब धरला, जवळ धरला आणि मोठ्यानं वाचलं, "शैलजाबाई, आपल्या ताटात दोष नव्हता."

मग मागच्या रांगेत ऐकू गेलं नसेल म्हणून उभी राहिली आणि पुन्हा वाचलं.